चारमिनारच्या दारातला मीम

उन्हाळ्यात माजलगाव धरणाचं पाणी मागे सरकलं की सिंदफणेच्या काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिथं आणि नांगरटीच्या रानात पोरांना काहीबाही सापडतं. घुंगरू, गंजलेली कुलपं, बटणं. इंग्लंडात हौशी लोक धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं पालथी घालतात, आपल्याकडे ते काम नांगर करतो. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून उर्दू अक्षर असलेली वस्तू फिरत फिरत माझ्याकडे येते.

यंदा एक चांदीचं बटण आलं. करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठं, समोर चारमिनार, मागे झाळलेली कडी. सोबत चहाच्या टपरीवरचा निकालही आला होता: "रझाकाराचं आहे, सर." कुणीतरी चारमिनारच्या दारातलं अक्षर मीम असल्याचं ओळखलं, तर दुसऱ्यानं लगेच जोडून दिलं, "म्हणजे एमआयएम!"

आता हे बटण नीट वाचू या. मुळात ते निजामाच्या हाली सिक्क्यातलं दोन आण्याचं नाणं आहे, सोनारानं मागे कडी बसवून त्याचं बटण केलंय. अशी बटणं शेरवानीला किंवा कुडत्याला लावत, बरेचदा साखळीनं एकमेकांना जोडून. चारमिनारची यंत्रावर पाडलेली नाणी 1903 च्या सुमारास सुरू झाली. गादीवर तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. दारातला मीम त्यांच्या नावाचा. 29 ऑगस्ट 1911 ला ते वारले आणि मीर उस्मान अली खान आले, तेव्हा मीम गेला आणि त्या जागी ऐन आला. अगदी सुरुवातीच्या नाण्यांवर ऐनचं नुसतं डोकं आहे, पुढे पूर्ण ऐन दिसतो. म्हणजे दारात कोण उभं आहे तेवढं पाहिलं तरी निजाम कोणता ते कळतं.

ज्या मजलिसचं नाव टपरीवर निघालं तिची स्थापना 1927 ची. लातूरचे वकील कासिम रझवी आणि त्यांच्या रझाकारांचा जोर 1946 ते 1948 चा. महबूब अली खान तोवर कधीच कबरीत होते. राजाच्या नावाच्या पहिल्या अक्षराला पक्षाचं नाव चिकटवायचं, तर मग महबूब नावाच्या प्रत्येक माणसाची चौकशी करावी लागेल!

चारमिनारच्या बाजूला हिजरी सालही आहे. या बटणावर 13 आणि 2 वाचता येतात, शेवटचा आकडा झिजलाय. मीम आणि 132 एकत्र धरले तर नाणं साधारण 1903 ते 1911 मधलं. हिजरी सालाला 0.97 नं गुणा आणि 622 मिळवा, इसवी साल जवळपास बरोबर येतं. दुसऱ्या बाजूला राज्यारोहणाचं वर्षही असतं, पण ते इथं कडीखाली झाकलं गेलंय. नाण्यावर 92 हा आकडा दिसला तर त्याला साल समजू नका. अब्जद हिशोबात मीम 40, हे 8, पुन्हा मीम 40, दाल 4, म्हणजे मुहम्मद.

पण इथं एक पेच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नाण्याचं साल म्हणजे बटणाचं साल नव्हे. बटण त्याआधी होऊ शकत नाही, नंतर कितीही वर्षांनी होऊ शकतं. हाली सिक्का 1959 पर्यंत चालला. म्हणून झीज पाहायची. कडीच्या आसपासची अक्षरं पुढच्या बाजूइतकीच गुळगुळीत असतील, तर नाणं आधी पुष्कळ हातांतून गेलं आणि मग सोनाराकडे आलं. या बटणाची मागची अक्षरं टोकदार आहेत आणि चारमिनार मात्र घासलेला. म्हणजे नाणं फारसं फिरण्याआधीच बटण झालं आणि मग वर्षानुवर्षं अंगावर वापरलं गेलं.

कुणाच्या अंगावर? ते बटण सांगत नाही. बीड जिल्ह्यात शेतसारा याच नाण्यात भरला जाई, मग शेतकरी पाटील असो की पठाण. शेरवानीही एका धर्माची नव्हती. राज्याचे दोनदा पंतप्रधान झालेले महाराजा किशन पर्शाद हिंदू होते आणि उर्दूत 'शाद' नावानं शायरी करत. 1948 च्या आधीचं जे जे उर्दूत ते ते रझाकाराचं, हा हिशोब लावला तर आपल्या पणजोबांचे सातबारेही त्यात जातील. दोन्हीकडच्या पणजोबांचे.

गणवेशाच्या बटणांचा नियम वेगळा. तिथं मुकुट बघायचा. कमानी मधोमध खचलेल्या असतील तर व्हिक्टोरियाचा, 1901 पर्यंतचा. सलग घुमटासारख्या असतील तर त्यानंतरच्या राजांचा. चार सिंह दिसले तर 26 जानेवारी 1950 नंतरचं. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. हे दल 1903 मध्ये इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत मिसळलं, त्यामुळे त्याच्या नावाचं बटण मिळालं तर सालाची वरची हद्द आपोआप मिळते.

पोरांना दोन गोष्टी सांगून ठेवल्यात. एक, चिंच किंवा राख लावून घासायचं नाही, उरलेला आकडाही त्यात जातो. दुसरी, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर 1878 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ऐकून वर्ग हसला. कायदा झाला तेव्हा दहा रुपयांत दोन आण्याची ऐंशी नाणी येत.