नव्या घरातील हवेचे प्रदूषण : बांधकाम व लाकूडकाम साहित्यजन्य

नव्याने बांधलेल्या किंवा नव्याने फर्निचर केलेल्या घरात प्लायवूड, एमडीएफ, सनमायका चिकटवण्याचे द्रावण, पॉलिश, ऑइलपेंट आणि वाळवीची औषधे यांतून निघणाऱ्या वायूंमुळे होणारे हवेचे प्रदूषण. फॉर्मल्डिहाइड हा त्यातला प्रमुख वायू. टोल्युईन, झायलीन यांसारखी लवकर उडणारी सेंद्रिय संयुगे त्याच्या जोडीला असतात. नव्या घराचा म्हणून जो वास पाहुण्यांना कौतुकाने जाणवतो, तो बहुतांशी याच वायूंचा.

यात दोष लाकडाचा नाही, प्लायवूड-एमडीएफ जोडणाऱ्या डिंकाचा आहे. मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यातील जुन्या गावठाणांतली माळवदाची घरे लाकडाचीच होती. सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर किलचन आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्यांची रचना असे. सांधे खाच-खुंटीचे, डिंकाविना असत. अखंड सागवानातून फॉर्मल्डिहाइड निघते ते अगदी नगण्य. अर्थात माळवदाखालची हवा निर्मळ होती असे मानण्याचे कारण नाही. उजेडासाठी छतात ठेवलेल्या सवण्यातून चुलीचा सगळा धूर काही बाहेर जात नसे. आजही ज्या घरात चूल पेटते, तिथे प्लायवूडची चिंता दुय्यम. चुलीचा धूर त्याहून कितीतरी घातक आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्याने माळवदाची धास्तीच घेतली आणि सिमेंटच्या स्लॅबकडे, पत्र्यांकडे कल वाढला. लाकूड घरात परतले ते फळ्यांच्या नव्हे, बोर्डांच्या रूपाने : मॉड्युलर ओटा, भिंतभर कपाटे, टीव्हीचे युनिट, देवघर.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिनच्या डिंकात दाबून केलेला तक्ता. प्लायवूडपेक्षा त्यात डिंकाचे प्रमाण बरेच जास्त असते. न मुरलेले फॉर्मल्डिहाइड सुरुवातीच्या महिन्यांत बाहेर पडते. पुढे हवेतील दमटपणाने रेझिनच सावकाश विघटित होत राहते, म्हणून हे उत्सर्जन काही वर्षे चालते. रंग-पॉलिशचा वास मात्र काही आठवड्यांत ओसरतो. वायू सुटतो तो मुख्यतः उघड्या कडांतून. मिस्त्री कपाटाच्या दर्शनी बाजूला सनमायका लावतो, पण भिंतीकडची पाठ, बिजागऱ्यांसाठी पाडलेल्या खाचा आणि वायरीसाठी मारलेली भोके कोरीच राहतात. बंद कपाट उघडताच डोळे चुरचुरतात ते त्यामुळे.

तापमान वाढले की उत्सर्जन झपाट्याने वाढते. ढोबळमानाने 5 ते 6 अंशांच्या वाढीला ते दुपटीच्या आसपास जाते. परभणीत मे महिन्यात पारा 43–44 अंशांवर जाणे नवलाचे नाही, आणि वास्तुशांतीसाठी अनेकांना हवी असते ती अक्षय्य तृतीया. मुहूर्त गाठण्यासाठी पॉलिशचा शेवटचा हात आदल्या दिवशी मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरते. कूलरची गंमत अशी की तो बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे खिडकी उघडी असेल तर घर आपोआप हवेशीर राहते. मात्र त्याचा दमटपणा रेझिनच्या विघटनाला मदतही करतो. एसीच्या खोलीत तीच हवा फिरत राहते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये घरातील हवेसाठी अर्ध्या तासाच्या सरासरीने प्रति घनमीटर 0.1 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. जपानने 2003 पासून बांधकाम कायद्यान्वये अशा बोर्डांच्या वापरावर बंधने घातली, घरांत यांत्रिक वायुवीजन सक्तीचे केले आणि वाळवीसाठीचे क्लोरपायरिफॉस घरबांधणीत बंद केले. अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या फिरत्या घरांत फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण अब्जात 77 भाग भरले. ती तपासणी उत्सर्जन कमी असणाऱ्या ऐन हिवाळ्यातली होती. भारताच्या 2009 च्या राष्ट्रीय हवा मानकांत 12 प्रदूषके आहेत. त्यांत बेंझीन आहे, फॉर्मल्डिहाइड नाही. शिवाय ती मानके बाहेरच्या हवेची. क्लोरपायरिफॉस आपल्याकडे पायाभरणीच्या वेळी फवारण्याची पद्धत चालूच आहे. घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा मात्र नोव्हेंबर 2017 पासून दहा लाखांत 90 भाग अशी कायद्याने ठरली. त्यामुळे जुन्या वाड्याचे, त्याआधी रंगवलेले दार पॉलिश पेपरने घासताना उडणारी धूळ हा नव्या रंगापेक्षा मोठा धोका ठरू शकतो, विशेषतः रांगत्या मुलांना.

बाजारात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारे प्लायवूड सहसा युरिया रेझिनचे असते. उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्रकारांत फेनॉल रेझिन असते व त्यातून वायू बराच कमी सुटतो. किंमत अर्थातच चढी. डिंकाची रेघ गडद तांबूस असणे ही फेनॉलची खूण सांगितली जाते, पण रंग मिसळणारेही असतात. दुकानदाराच्या शब्दापेक्षा भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि मानक क्रमांक पाहावा : साध्या प्लायला 303, मरीनला 710. एमडीएफवर ‘ई-1’ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा वर्ग छापलेला असावा.

उदबत्ती, धूप किंवा सुगंधी फवारे वायू घालवत नाहीत, त्यात स्वतःची भर घालतात. कडांना पट्टी लावून त्या बंद करणे आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे हे दोन उपाय खरे कामाचे. रिकामे घर उन्हाळ्यात तापू देऊन संध्याकाळी मोकळे केले, तर रंग-पॉलिशची द्रावके लवकर निघून जातात. फॉर्मल्डिहाइड तेवढ्याने संपत नाही. बाळंतिणीची किंवा दमेकऱ्याची खोली सजवायची असेल, तर लाकूडकाम निदान दोन-तीन महिने आधी उरकावे आणि तोवर नव्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत.