निवड गावाची, शिकवण रुग्णालयाची : जामखेडचा धडा

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागात सेवा करणाऱ्या आपणांस मिशन रुग्णालय परकी गोष्ट नाही. अशा संस्थेची घडी बदलावयाची म्हटले की चर्चा इमारत व निधी यांचीच होते. खरा प्रश्न मात्र कर्मचाऱ्यांच्या मनाचा असतो. त्या दृष्टीने अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडचा इतिहास चिंतनीय आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. १९६२ पासून चार वर्षे त्यांनी वडाळा येथील मिशन रुग्णालयात सेवा केली. रुग्ण बरा होऊन घरी जाई. परंतु तेच दूषित पाणी व तीच उपासमार त्याला पुन्हा खाटेवर आणी. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्यशास्त्राचा अभ्यास करून ते परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले.

त्यांची पहिली योजना फसली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. प्रशिक्षित परिचारिकांनी खेड्यात राहून आरोग्यकार्य करावे, असा विचार होता. परंतु परगावच्या एकट्या तरुणीला तेथे राहणे अवघड जाई आणि गावही तिला आपली मानीना. म्हणून योजनाच बदलली. गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी आणि रुग्णालयाने तिला शिकवावे, असे ठरले. अशा स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या.

येथे कर्मचाऱ्यांची कसोटी लागली. विद्या हाच ज्यांचा मान, त्यांनी ती अक्षरशत्रू स्त्रीच्या ओंजळीत घालावयाची होती. केवळ आदेशाने हे साधत नाही. आरोग्यसेविका दर आठवड्यास जामखेडला येत. शिक्षण, भोजन व मुक्काम एकत्र होई. फिरते पथक गावी जाई, ते तिची जागा घेण्यासाठी नव्हे, तर तिला साहाय्य करण्यासाठी. परिचारिकेचे काम गेले नाही. ती शिक्षिका झाली.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहाव्या अध्यायाचे येथे स्मरण होते. विधवांच्या वाटपाची तक्रार आली, तेव्हा सात जणांची निवड समुदायाने केली आणि प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून ते काम त्यांच्याकडे सोपविले. अधिकार वाटल्याने प्रेषितपद उणे झाले नाही.

१९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने देशाच्या खेडोपाडी ‘आशा’ कार्यकर्ती आणली. तिच्यामागील विचार जामखेडच्या विचाराशी नाते सांगणारा आहे. आपल्या गावची आशा रुग्ण घेऊन दवाखान्यात येते, तेव्हा तिला बसावयास सांगितले जाते, की दाराशी उभे ठेवले जाते? संस्थेतील परिवर्तन तेथे मोजावे. आणि तोच प्रश्न, बंधूंनो, आपण आपल्या धर्मशिक्षकांविषयीही स्वतःस विचारावा.