फुफ्फुसातील दुर्मिळ गाठी आणि त्यांचे निदान

फुफ्फुसाचा कर्करोग म्हटला, की धूम्रपान आणि उतारवय हेच चित्र डोळ्यांसमोर येते. फुफ्फुसातच उद्भवणाऱ्या काही गाठी मात्र या चित्रात बसत नाहीत. कार्सिनॉइड ही त्यांतली प्रमुख. फुफ्फुसाच्या कर्करोगांत तिचे प्रमाण जेमतेम १ ते २ टक्के. लाळग्रंथींच्या गाठींशी साम्य असलेल्या ॲडिनॉइड सिस्टिक व म्युकोएपिडरमॉइड गाठी, तसेच पल्मोनरी ब्लास्टोमा त्याहूनही विरळ.

'कार्सिनॉइड' म्हणजे कर्करोगासारखी. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ ओबेर्नडोर्फर यांनी १९०७ मध्ये आतड्यातील गाठींना दिलेले हे नाव काहीसे फसवेच. कारण ती कर्करोगच आहे, फक्त बहुधा संथ वाढणारी. धूम्रपान न करणाऱ्यांनाही ती होते. मोठ्या श्वासनलिकेत वाढली, तर खोकला, छातीत घरघर, फुफ्फुसाच्या त्याच भागात वारंवार न्यूमोनिया आणि थुंकीतून रक्त अशी लक्षणे दिसतात. साहजिकच दमा किंवा क्षयाची शंका आधी येते. आपल्याकडे ती रास्तही आहे. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसतील आणि औषधांनी उतार पडत नसेल, तर सीटी स्कॅन व ब्रॉन्कोस्कोपी लांबणीवर टाकू नये.

खरी कसोटी त्यानंतरची. दुर्बिणीतून काढलेला इवलासा तुकडा चिमट्यात चेंगरला, तर कार्सिनॉइडच्या पेशी अत्यंत आक्रमक अशा स्मॉल सेल कर्करोगासारख्या भासू शकतात. सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन या रंजक चाचण्या दोहोंतही सकारात्मक येतात. अशा वेळी पेशीविभाजनाचा वेग दाखवणारी केआय-६७ चाचणी उपयोगी पडते. स्मॉल सेलमध्ये हा निर्देशांक बहुधा ५० टक्क्यांहून अधिक, तर कार्सिनॉइडमध्ये बराच कमी असतो. हा भेद केवळ नावापुरता नाही. मर्यादित कार्सिनॉइड शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. स्मॉल सेलचा मुख्य आधार केमोथेरपी. शिवाय गाठ मूळची फुफ्फुसातली, की अन्य अवयवातून पसरलेली, हेही ठरवावे लागते. त्यामुळे पूर्वी काढलेली लाळग्रंथीची वा स्तनाची गाठ डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे; परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये येथे स्थलांतरित झाली. अशा कर्करोग केंद्रात दुसरे मत घेताना अहवालाच्या कागदाबरोबर मूळ स्लाइड आणि पॅरॅफिन ब्लॉकही न्यावेत. ब्लॉकमधून नवे काप घेऊन चाचण्या पुन्हा करता येतात. ऊतक पुरेसे शिल्लक असेल, तर नव्या बायोप्सीची वेळही टळू शकते.