एएलएस : प्रेरक चेतापेशींचा वर्धिष्णू ऱ्हास

ऐच्छिक हालचाली घडवून आणणाऱ्या प्रेरक चेतापेशींचा मेंदू आणि मज्जारज्जू या दोन्ही ठिकाणी क्रमाक्रमाने नाश करणाऱ्या विकाराला अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस किंवा आद्याक्षरांनी एएलएस म्हणतात. भारतातील आणि ब्रिटनमधील रुग्णालयांत तो बहुधा मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी, या नावाने ओळखला जातो. काटेकोरपणे पाहता हे नाव अशा विकारांच्या सगळ्या कुळाचे आहे आणि एएलएस हा त्या कुळातील सर्वाधिक आढळणारा विकार होय. अमेरिकेत त्याला लू गेरिगचा रोग म्हणतात. न्यूयॉर्क यांकीज संघाकडून सलग २,१३० सामने खेळलेल्या या बेसबॉलपटूला १९३९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी या रोगाचे निदान सांगण्यात आले आणि १९४१ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

कोणतीही ऐच्छिक हालचाल दोन टप्प्यांतील चेतापेशींच्या साखळीतून घडते. पहिल्या टप्प्यातील ऊर्ध्व प्रेरक चेतापेशी मेंदूच्या बाह्य स्तरातील प्रेरक भागात असतात आणि त्यांचे लांब तंतू मस्तिष्कस्तंभातून खाली येऊन, बहुतांश बाजू बदलून, मज्जारज्जूच्या पार्श्वभागातून उतरतात. दुसऱ्या टप्प्यातील अधर प्रेरक चेतापेशी मस्तिष्कस्तंभात आणि मज्जारज्जूच्या पुढच्या भागात असून त्यांचे तंतू थेट स्नायूंपर्यंत पोहोचतात. वरच्या पेशी नष्ट झाल्या की स्नायू ताठरतात, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय नेहमीपेक्षा जोराने उडतो आणि तळव्यावर रेघ ओढली असता अंगठा खाली न वळता वर उचलला जातो. खालच्या पेशी नष्ट झाल्या तर स्नायू दुबळे होऊन झडू लागतात आणि त्वचेखाली त्यांचे बारीक स्फुरण दिसते. एएलएसमध्ये ही दोन्ही प्रकारची लक्षणे एकाच शरीरात, पुष्कळदा एकाच हातात किंवा पायात, एकत्र आढळतात. झडलेल्या स्नायूतील प्रतिक्षिप्त क्रिया मंद होण्याऐवजी तीव्र असणे ही विसंगती चेतारोगतज्ज्ञाला सर्वांत आधी सावध करते.

या एकत्रित चित्राची ओळख पटवण्याचे श्रेय पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्ताँ शार्को यांच्याकडे जाते. स्नायू झडत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन आराँ या फ्रेंच वैद्याने १८५० मध्येच केले होते; परंतु त्या काळी हा स्नायूंचा विकार की चेतासंस्थेचा, हा वाद मिटलेला नव्हता. शार्को रुग्णाची लक्षणे दीर्घकाळ नोंदवत आणि मृत्यूनंतर त्याच्या मज्जारज्जूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून दोन्हींचा मेळ घालत. १८६९ पासून या पद्धतीने केलेल्या अभ्यासातून, पुढच्या भागातील पेशींचा नाश आणि पार्श्वभागातील तंतू नष्ट होऊन तेथे आलेला कठीणपणा ही एकाच रोगाची दोन अंगे असल्याचे त्यांनी दाखवले, आणि १८७४ मध्ये रोगाला दिलेल्या नावात स्नायूंचा क्षय व पार्श्वभागाचे काठिण्य या दोन्ही गोष्टी गोवल्या. त्यांचे हे वर्णन दीडशे वर्षांनंतरही मुळापासून बदलावे लागलेले नाही.

रोगाची सुरुवात बहुधा एकाच जागी, वेदनेविना आणि इतक्या हळू होते की तिचा नेमका दिवस क्वचितच सांगता येतो. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत ती हातापायात होते. किल्ली फिरवताना किंवा सदऱ्याची गुंडी लावताना बोटे साथ देत नाहीत, चालताना पायातली चप्पल नकळत सुटते, पाऊल घसटते. तळहाताचा अंगठ्याकडचा उंचवटा करंगळीकडच्या भागाच्या मानाने लवकर सपाट होतो. साधारण एक चतुर्थांश रुग्णांत आरंभ जीभ आणि घशाच्या स्नायूंपासून होतो. त्यांचे बोलणे जड आणि अनुनासिक होते, पाणी पिताना ठसका लागतो, लाळ गिळता येत नाही; अशा रुग्णांवर मद्यपानाचा संशय घेतला जातो, ही त्यांच्या वाट्याला येणारी पहिली मानहानी असते. थोड्या रुग्णांत श्वसनाचे स्नायूच आधी दुबळे होतात. जेथे आरंभ होतो तेथून रोग लगतच्या भागांकडे पसरतो, आणि अखेरीस श्वासपटल थकून श्वसन अपुरे पडणे हे मृत्यूचे नेहमीचे कारण ठरते.

तितकेच महत्त्वाचे आहे ते या विकारात काय शाबूत राहते हे. स्पर्श, वेदना, दृष्टी आणि श्रवण कायम असतात. डोळ्यांची हालचाल करणाऱ्या चेतापेशी आणि मलमूत्राच्या नियंत्रणाशी निगडित असलेला मज्जारज्जूच्या तळाकडील पेशींचा गट बहुधा अखेरपर्यंत टिकतो. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कूस बदलावीशी वाटते, डास चावल्याचे कळते, भोवतीचे सर्व बोलणे ऐकू येते. मात्र बुद्धी नेहमी पूर्णतः अबाधित राहते, हा जुना समज आता टिकत नाही. निम्म्यापर्यंत रुग्णांत विचार किंवा वर्तनात काही बदल आढळतात आणि सुमारे १५ टक्क्यांत मेंदूच्या पुढच्या व कानशिलाकडच्या भागांचा स्मृतिभ्रंश, ज्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया म्हणतात, सोबत असतो. कारणावाचून अनावर रडू किंवा हसू येणे हे आणखी एक लक्षण होय. भावनेच्या प्रकटीकरणावरचा मेंदूचा ताबा सुटल्यामुळे ते घडते, आणि ते मनाचे दुबळेपण नव्हे हे घरातील माणसांना आवर्जून सांगावे लागते.

युरोपात दरवर्षी एक लाख लोकसंख्येमागे साधारण दोन नवे रुग्ण आढळतात. रोग बहुधा वयाच्या साठीच्या आसपास सुरू होतो, पुरुषांत किंचित अधिक दिसतो, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून निम्मे रुग्ण दोन ते चार वर्षांत दगावतात. सुमारे दहा टक्के मात्र दहा वर्षांहून अधिक जगतात. १९६३ मध्ये एकविसाव्या वर्षी निदान झालेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग २०१८ पर्यंत जगले, पण त्यांच्या उदाहरणावरून एखाद्या रुग्णाला दिलासा देणे किंवा त्याच्या इच्छाशक्तीचे मोजमाप करणे अन्यायाचे होईल, कारण रोगाची गती जीवशास्त्र ठरवते, जिद्द नव्हे. भारतातील चित्र काहीसे वेगळे दिसते. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने तीस वर्षांतील १,१५३ रुग्णांचा आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रोगारंभाचे सरासरी वय सुमारे ४६ वर्षे होते आणि आयुर्मान पाश्चात्त्य आकड्यांहून बरेच अधिक होते. हा एका रुग्णालयाचा अनुभव असल्याने तो सबंध देशाला लावताना सावधगिरी हवी. दक्षिण भारतात १९७० च्या सुमारास वर्णिलेला मद्रास प्रकार तर स्वतंत्रच मानला जातो. त्यात तरुण वयात अवयवांबरोबर चेहऱ्याचे व घशाचे स्नायू दुबळे होतात, बहिरेपण येते, पण प्रगती फार संथ असते. भौगोलिक वैचित्र्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील चामोरो लोकांत हा रोग इतरत्र आढळणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पटींनी दिसत होता आणि नंतर तो आपोआप ओसरला. सायकस वृक्षाच्या बियांतील विषद्रव्यावर संशय घेतला गेला, पण प्रश्न सुटलेला नाही.

कारणमीमांसेत गेल्या तीन दशकांत मोठी भर पडली. सुमारे दहा टक्के रुग्णांत रोग कुटुंबात चालत आलेला असतो. त्यातील पहिले जनुक, एसओडी-१, १९९३ मध्ये सापडले. २०११ मध्ये सी९ओआरएफ७२ या जनुकातील एका छोट्या तुकड्याची शेकडो वेळा होणारी पुनरावृत्ती हे युरोपीय वंशाच्या लोकांतील सर्वांत मोठे आनुवंशिक कारण असल्याचे कळले, पण आशियाई लोकसमूहांत ते बरेच कमी आढळते. २००६ मधील एका शोधाने अधिक व्यापक उलगडा केला : जवळजवळ सर्वच रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ हे प्रथिन आपली केंद्रकातील जागा सोडून बाहेर गुठळ्यांच्या रूपात साचते. केंद्रकात आरएनएच्या संपादनावर देखरेख करणारे हे प्रथिन तेथून नाहीसे झाल्याने होणारे नुकसान आणि गुठळ्यांमुळे होणारे नुकसान, यांतील कोणते अधिक, हा आजच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. हेच प्रथिन वर उल्लेखिलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांतही साचत असल्याने दोन्ही विकार एकाच पट्ट्याची दोन टोके मानले जाऊ लागले आहेत. २०१४ मध्ये जगभर पसरलेल्या, डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याच्या मोहिमेतून अमेरिकेतील एएलएस असोसिएशनकडे सुमारे ११.५ कोटी डॉलर जमले, आणि त्या निधीचा हातभार लागलेल्या जनुकीय प्रकल्पातून एनईके-१ हे आणखी एक जनुक पुढे आले. रोग संसर्गजन्य नाही; रुग्णाला हाताने भरवल्याने किंवा त्याच्याजवळ झोपल्याने तो कोणालाही होत नाही.

रक्ताची एखादी चाचणी करून निदान पक्के करण्याची सोय नाही. वैद्यकीय तपासणी, स्नायूंतील विद्युत्‌क्रिया सुईने मोजणारी ईएमजी चाचणी, चेतांची वहनगती आणि इतर शक्यता वगळण्यासाठी एमआरआय, या सर्वांच्या मेळातून ते केले जाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोल्ड कोस्ट निकषांनी ही प्रक्रिया पूर्वीच्या एल एस्कोरियल निकषांपेक्षा सुटसुटीत केली. तरीही पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण वर्ष जाते. हाताची ताकद कमी झाली की मानेच्या मणक्यात नस दबल्याचा तर्क आधी केला जातो, आणि मध्यमवयात मानेच्या एमआरआयमध्ये काही ना काही झीज दिसतेच, त्यामुळे निष्फळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण जगभर आढळतात. उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर असते. चेतांमधील वहन जागोजागी अडणारी मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी वरकरणी अशीच दिसते, पण शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनने सुधारते. तरुणांत एका हातापुरता मर्यादित राहून काही वर्षांनी थांबणारा हिरायामा रोग भारतात अपरिचित नाही. म्हणून एएलएसचे निदान सांगण्यापूर्वी दुसऱ्या चेतारोगतज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्कच समजावा.

रोग बरा करणारे औषध नाही. ग्लुटामेट या चेतासंदेशवाहकाचा अतिरेक आवरणारे रिल्युझोल १९९५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. चाचण्यांत त्याने आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढवले आणि आजही तेच मुख्य औषध आहे. जपानमध्ये २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या एडाराव्होनचा फायदा निवडक रुग्णांत दिसला, पण युरोपातील पुढच्या अभ्यासांत त्याची पुष्टी झाली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले एक संयुक्त औषध मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरताच कंपनीने २०२४ मध्ये स्वतःहून मागे घेतले. खरी नवी दिशा टोफर्सेनने दाखवली. पाठीच्या कण्यातून द्यावे लागणारे हे औषध सदोष एसओडी-१ प्रथिनाची निर्मितीच कमी करते. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, मात्र सर्व रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांतच हा दोष असतो. मूलपेशी उपचारांचा सिद्ध लाभ आजवर दिसलेला नाही आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत; तरीही हताश कुटुंबांना लाखो रुपयांना ते विकले जातात, याबद्दल स्पष्ट निषेधच नोंदवला पाहिजे.

औषध तोकडे असले तरी उपचार तोकडे नाहीत, आणि या रोगातील सर्वाधिक लाभ शुश्रूषेतूनच होतो. इंग्लंडमधील २००६ च्या एका चाचणीत, ज्यांचा घसा फार दुबळा नव्हता अशा रुग्णांचे आयुष्य नाकावरील मुखवट्यातून हवा देणाऱ्या बायपॅप यंत्राने सुमारे सात महिन्यांनी वाढले, म्हणजे रिल्युझोलच्या दुपटीहून अधिक, आणि झोप व उत्साहही सुधारला. सकाळी डोके दुखणे, उताणे झोपता न येणे, दिवसा झोप येणे ही यंत्राची वेळ आल्याची चिन्हे असतात. अशा वेळी घरी नुसता प्राणवायू लावणे धोक्याचे ठरू शकते, कारण अडचण प्राणवायूच्या कमतरतेची नसून छाती पुरेशी न हलल्याने कार्बन डायऑक्साइड साचण्याची असते. वजन घटणे आयुष्य घटवते, म्हणून आहार उष्मांकयुक्त आणि दाटसर हवा. पातळ ताकाने ठसका लागणाऱ्याला मऊ खिमट किंवा आटवलेली खीर गिळता येते. पुढे पोटातून नळी बसवावी लागली तर ती श्वसनक्षमता निम्म्याखाली जाण्यापूर्वी बसवणे सुरक्षित असते. खोकल्याचे बळ वाढवणारे यंत्र, मानेचा पट्टा, ताठरपणावर बॅक्लोफेन, लाळेवर ग्लायकोपायरोलेट, सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा हलका व्यायाम, या सगळ्यांचा एकत्रित विचार करणारे बहुशाखीय चिकित्सालय असेल तेथील रुग्ण अधिक जगतात, असे अभ्यास सांगतात. भारतात अशी चिकित्सालये थोड्या शहरांत आहेत. मुंबईतील आशा एक होप फाउंडेशनसारखी रोगाला वाहिलेली संस्था कुटुंबांना काही आधार देते, पण खेड्यातील रुग्णाचा भार बहुतेक वेळा एका स्त्रीवर, पत्नीवर, सुनेवर किंवा मुलीवर पडतो आणि तिच्या थकव्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

वाचा जाण्यापूर्वीच आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणाऱ्यांना पुढे संगणकातून तो वापरता येतो. डोळ्यांच्या हालचाली टिपणारी यंत्रे महाग असली तरी पारदर्शक अक्षरफलक फार कमी खर्चात घरी बनवता येतो. मराठी रुग्णासाठी तो देवनागरीचाच हवा, मुळाक्षरे आणि काना-मात्रा वेगळ्या ठेवून, शिवाय ‘पाणी’, ‘कफ’, ‘कूस बदला’, ‘पंखा’ असे नेहमीचे शब्द कडेला लिहून.

श्वासनलिकेला छेद देऊन कायम कृत्रिम श्वसनावर जावे की नाही, हा सर्वांत अवघड निर्णय होय. जपानमध्ये कृत्रिम श्वसन स्वीकारणाऱ्यांचे प्रमाण इतर देशांपेक्षा लक्षणीयरीत्या अधिक आहे. भारतात अतिदक्षता विभागाचा खर्च आणि घरच्या शुश्रूषेची ओढाताण त्यात मिसळलेली असते. बोलता आणि सही करता येत असतानाच रुग्णाचे मत विचारले नाही, तर हा निर्णय मध्यरात्री आपत्कालीन कक्षात नातेवाइकांना घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देश वैध ठरवले आणि २०२३ मध्ये त्यांची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेला दस्तऐवज पुरेसा असतो, आणि महाराष्ट्रात असे दस्तऐवज जपण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकारी नेमण्यात आले आहेत. रुग्ण शुद्धीवर असून आपला निर्णय सांगू शकत असेल तोवर त्याला तो बदलण्याचाही अधिकार असतो.