ही एवढी अक्षरं कशाला?

परवाच्या शनिवारी सकाळी घरातल्या जुन्या पीसीवर मी स्वतःचा रिझॉल्व्हर चढवत होतो. रिझॉल्व्हर म्हणजे आपण ब्राउझरमध्ये एखादं नाव टाइप केलं किंवा मेल पाठवली, की त्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सर्व्हिस. एरवी हे काम इंटरनेट देणारी कंपनी गुपचूप करत असते. पण शनिवार, त्यात पाऊस, आणि गंगापूर रोडवरचं ट्रॅफिक. बाहेर पडण्यापेक्षा हे बरं!

तर काळ्या खिडकीत 'नेम्ड' टाइप केलं आणि त्यापुढे -सी, -पी, -यू, -टी अशी शेपटं लावत गेलो. बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते.

"नाव विचारलं की पत्ता सांगायचा, एवढंच काम ना? मग पुढे ही एवढी अक्षरं कशाला?"

बाबा आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून, सॉर्टर म्हणून रिटायर झालेत. त्यांची हयात पत्ते वाचण्यात गेली. त्यामुळे "ते टेक्निकल असतं हो" म्हणून त्यांना कटवता येत नाही. नीट उत्तर द्यायला बसलो तर थेट ऐंशीच्या दशकात जाऊन पोचलो.

तेव्हा युनिक्सची मशीन्स एकमेकांना टेलिफोन लाइनवरून डायल करायची आणि साठलेली मेल पुढच्या मशीनकडे ढकलायची. ह्या पद्धतीचं नाव यूयूसीपी. गंमत म्हणजे पाठवणाऱ्यालाच सगळी वाट लिहावी लागायची. आधी हे मशीन, मग उद्गारचिन्ह, मग ते मशीन, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि सगळ्यात शेवटी माणूस. मधलं एक मशीन बंद पडलं की पत्ता मेला.

आपल्याकडे अर्नेट हा शिक्षणसंस्थांना जोडणारा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगलोरची आयआयएससी आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी होती. सुरुवातीची वर्षं त्यांचीही मेल अशीच यूयूसीपीवर चालायची. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत लाइन आली ती सेकंदाला ९६०० बिटांची. आज आपण व्हॉट्सॅपवर एक गुड मॉर्निंगचं फूल पाठवतो, तेवढ्यासाठी ती लाइन मिनिट-दोन मिनिटं अडून बसली असती.

वाट लिहिण्याचा हा जाच कमी करायला पीटर हनीमन आणि स्टीव्हन बेलोव्हिन ह्यांनी पाथएलियस नावाचा प्रोग्राम लिहिला. तो मशीन्सच्या जोडण्यांचे नकाशे वाचून स्वस्तातली वाट काढून द्यायचा. त्याचे ऑप्शन बघण्यासारखे आहेत. -एल म्हणजे 'मी अमुक मशीनवर उभा आहे'. -सी म्हणजे 'प्रत्येक वाटेची किंमतही दाखव'. आणि -डी म्हणजे 'हा दुवा मेलेला समज'.

बाबा हसले. "म्हणजे आमचाच धंदा की!"

मग त्यांनी त्यांचा किस्सा सांगितला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक पाकीट हातात आलं. पत्त्यात गाव नुसतं 'पिंपळगाव'. पिनची सहाही घरं रिकामी. आता पिंपळगाव बसवंत आपल्या निफाड तालुक्यात, पिंपळगाव हरेश्वर तिकडे पाचोऱ्याकडे, आणि ह्याखेरीज महाराष्ट्रात आणखी किती पिंपळगावं असतील देव जाणे. जुन्या सॉर्टरांच्या डोक्यात असे नकाशे पक्के असायचे, आडनावावरून गाव ओळखणारेही होते. बाबा नवखे. त्यांनी अंदाजाने एका कप्प्यात टाकलं. काही दिवसांनी तेच पाकीट शेरा घेऊन परत त्यांच्यासमोर आलं. आतमध्ये नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आहे हे वरच छापलेलं होतं.

"तारीख निघून गेली असणार रे," बाबा म्हणाले. "पिन लिहिला नाही ही चूक पाठवणाऱ्याची. पण कप्प्यात टाकणारा हात माझा."

जवळजवळ चाळीस वर्षं झाली त्या गोष्टीला. मला हे आजवर माहीतच नव्हतं.

पिनकोड ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले कोकणातले. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी! त्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. ४२२ दिसलं की पाकीट नाशिकच्या कप्प्यात. मद्रासच्या सॉर्टरला पिंपळगाव कुठे आहे हे माहीत असायची गरजच नाही. बसवंतचं २०९ हे शेपूट नाशिकमधला माणूस बघून घेईल.

इंटरनेटने नेमकं हेच केलं. पॉल मोकापेट्रिस ह्यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडलं. त्याआधी सगळ्या मशीन्सची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत सांभाळली जायची. डीएनएसमध्ये कामाची वाटणी झाली. पिन डावीकडून वाचायचा, हे नाव उजवीकडून, एवढाच फरक. 'डॉट इन' कोणाकडे आहे हे मूळ सर्व्हरला माहीत, त्याच्या आतलं 'डॉट इन'वाल्याला. मे १९८९ पासून २००४ च्या अखेरपर्यंत हे 'डॉट इन'चं बाड सांभाळत होती तीच जुहूची एनसीएसटी (पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली). २००५ पासून ते काम निक्सीकडे आहे.

आता माझ्या कमांडकडे परत येऊ. नेम्ड हा बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या बाइंड ह्या सॉफ्टवेअरमधला प्रोग्राम. त्यालाही -सी आहे, -डी आहे, पण अर्थ पार बदललेत. -सी म्हणजे किंमत नाही, नोंदवही कुठे ठेवलीय ते. -डी म्हणजे मेलेला दुवा नाही, तर चुका शोधताना किती बडबड करायची ते. आणि 'मी कुठे उभा आहे' सांगणारा -एल तर गायबच! (ते अक्षर आताच्या बाइंडमध्ये भलत्याच कामाला आहे.) नाव सगळीकडून सारखंच, मग उभं राहण्याची जागा सांगायची कशाला? ओझं पाठवणाऱ्याच्या डोक्यावरून नेटवर्कच्या डोक्यावर गेलं, ते असं.

पण मग नवी काळजी आली. सगळं जग ज्याला पत्ता विचारतं तोच फितूर झाला तर? नेम्डची खिडकी ५३ नंबरचा पोर्ट (-पी ने बदलता येतो). १०२४ च्या खालचा पोर्ट उघडायला युनिक्समध्ये रूटचे, म्हणजे मालकाचे, अधिकार लागतात. त्यामुळे पूर्वी नेम्ड कायम मालकाच्या रुबाबात चालायचा. त्यात भोक सापडलं की अख्खं मशीन गेलंच. नव्वदीच्या शेवटी -यू आणि -टी आले. -यू म्हणजे खिडकी उघडून झाली की अधिकार सोड आणि साधा कारकून हो. -टी म्हणजे ह्या एका खोलीबाहेर पाऊल टाकू नकोस. २००१ मध्ये लायन नावाच्या वर्मने बाइंडमधल्या एका भोकातून लिनक्सची मशीन्स पोखरली, तेव्हा ही दोन अक्षरं का हवीत ते सगळ्यांनाच कळलं.

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आम्हीपण पत्ता वाचायचो. पाकीट फोडायचा अधिकार नव्हता."

एवढ्यात बाबांचा फोन वाजला. कुरियरवाला होता. आता ह्या आमच्या एका रोडवर ४२२००२, ४२२००५ आणि ४२२०१३ असे तीन पिन चालतात. २०२५ मध्ये तर टपाल खात्याने साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरांचा डिजिपिनही दिलाय. पण बाबा फोनवर सांगत होते, "तू आत्ता कुठे उभा आहेस? पंपिंग स्टेशन? मग सरळ ये, डावीकडचा रस्ता खोदलाय, तो सोड, पुढच्या गल्लीत वळ."

मी मनात मोजलं. -एल झालं, -डी पण झालं.

फोन ठेवून बाबा खाली गेटपाशी जाऊन उभे राहिले. पाऊस होता, तरी. पार्सल हातात घेतल्यावर त्यांनी आधी पत्ता वाचला, पिनवर बोट फिरवलं आणि मगच सही केली.