सीमाभागातील लेखशिळा



कोळारसारख्या ठिकाणी, बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या प्रदेशात, इतिहासावर बोलावयाचे म्हटले की कल्याणीचे चालुक्य आणि बहमनी सुलतान ओघानेच येतात. मी मात्र आज वेशीजवळ, मारुतीच्या पाराशी, विहिरीच्या काठी पडलेल्या दगडांविषयी बोलणार आहे. अध्यापनाच्या काळात विद्यार्थ्यांसह मी या भागात पुष्कळ हिंडलो. कोरीव शिळा नाही असे गाव क्वचितच आढळले. ती काय सांगते हे ठाऊक असलेले गाव त्याहूनही क्वचित.

यांपैकी सर्वाधिक संख्या वीरगळांची. खालच्या चौकटीत लढाई किंवा पळविलेल्या गुरांची सोडवणूक, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे बसलेला तो वीर आणि माथ्यावर सूर्यचंद्र. नाव बहुधा कोरलेले नसते. लोक त्याला शेंदूर लावून म्हसोबा म्हणतात, अलीकडे तैलरंगही फासतात. एका गावी तर वीरगळावर धुणे आपटले जात होते आणि अप्सरांचे चेहरे पार झिजून गेले होते.

दानलेखांची गोष्ट वेगळी. कोणी, कोणत्या देवाला, किती जमीन दिली आणि तिच्या चतुःसीमा कोणत्या, हे सांगून झाल्यावर शेवटी शाप येतो : दिलेली भूमी जो हिरावील तो साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होईल. आज संरक्षित वास्तूंपुढे पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असतो. त्यावर १९५८च्या कायद्याचा हवाला असतो. २०१०च्या दुरुस्तीनुसार नासधुशीस दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठ हजार वर्षांच्या मानाने ही शिक्षा सौम्यच म्हणावयाची! पण जुना लेख शापाआधी दान काय होते ते तरी सांगत असे. पुष्कळ फलकांवर शिक्षाच तेवढी असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने १९२७पासून हमरस्त्यांच्या कडेला, मोटारीतून जाणाऱ्यास समजेल अशा शब्दांत, स्थानिक इतिहासाचे फलक उभारले. आपल्याकडे मूळ शिळाच रस्त्यावर आहेत. उणीव आहे ती चार सुबोध ओळींची.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आंध्रात, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या व्यासपीठांवरून शिलालेखांची साक्ष काढली जाताना मी ऐकली आहे. मराठीचा अध्यापक असूनही ही साक्ष मला कधी पटली नाही. सोलापूर जिल्ह्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा, मराठीचा अत्यंत जुना कोरीव लेख आहे. त्याचा शोध लावणारे आनंद कुंभार यांनी त्याच जिल्ह्यातील कानडी लेखही निष्ठेने जमविले, डॉ. श्रीनिवास रित्ती यांच्यासह त्यांचा संग्रह १९८८मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीचा हा मानबिंदू ज्या गावी आहे त्याचे नाव कानडी. कूडल म्हणजे संगम. ‘वीरगळ’ हा आपला शब्दही कानडीच, कल्लु म्हणजे दगड. आता या दगडांनी कोणाच्या बाजूने साक्ष द्यावी?

तीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला येते. तेथे १९८६मध्ये चंद्रलांबेच्या आवारातील कालीमंदिराचे छप्पर कोसळले आणि देवीच्या मूर्तीखालचे पीठ उघडे पडले. ते पीठ म्हणजे अशोकाच्या आज्ञालेखांची शिळा होती. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. मूर्ती बसविण्यासाठी मध्ये भोक पाडल्याने काही अक्षरे कायमची गेली. शिळेवर जे लेख आहेत त्यांत बारावा आहे. परपंथाचाही मान राखावा, असे सांगणारा. तरीही पीठ घडविणाऱ्यास दोष देण्यास माझे मन घेत नाही. ब्राह्मीचे वाचन शतकानुशतके विसरले गेले होते; १८३७मध्ये प्रिन्सेपने ते पुन्हा साधले. देवी वर बसली नसती तर ही शिळा एखाद्या भिंतीत चिणली गेली असती, असेच मला वाटते. जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात पुढे ‘राया असोको’ अशी अक्षरे असलेले राजाचे शिल्प सापडले.

हुमनाबादजवळ जलसंगीच्या मंदिराबाहेर एक शिलाबालिका पाठमोरी उभी राहून चालुक्य विक्रमादित्याची स्तुती कोरीत आहे. सहली तेथे जातात, तिच्या कमनीयतेचे कौतुक होते, छायाचित्रे निघतात. ती काय लिहीत आहे, असे विचारणारा विद्यार्थी मला एकच भेटला, आणि तो गणिताचा होता.

शाळेने नववीच्या मुलांकडून आपल्या पंचक्रोशीतील असंरक्षित शिळांचे ठसे घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. खर्च फारसा नाही. ग्रामपंचायतीस विचारून दगड पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुवावा. तारेचा ब्रश वा आम्ल मुळीच वापरू नये. ओला कागद अंथरून अक्षरांच्या खाचांत बसेपर्यंत कुंच्याने ठोकावा. तो अर्धवट सुकला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवावी. खोल अक्षरे पांढरी उमटतात. कागद सोडविल्यावर मागे गावाचे नाव, शिळेची जागा, तिचे तोंड कोणत्या दिशेस आहे आणि गावात तिला काय म्हणतात, हे लिहून ठेवावे. म्हसोबा म्हणत असतील तर म्हसोबाच लिहावे.