हत्यार पुढे गेले, लेथ मागे राहिला

१९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकेच्या बेथलेहेम स्टील कंपनीने एक लेथ चालवून दाखवला. लेथमध्ये नवल नव्हते, नवल त्यावर बसवलेल्या हत्याराचे होते. पोलादाचा जॉब वेगाने फिरत होता, हत्याराचे टोक तापून लाल झाले होते, निळ्या पडलेल्या चिप्स उडत होत्या आणि तरीही धार जात नव्हती. तोवर टोक असे तापले की हत्याराचे पाणी उतरले, हे टर्नरच्या धंद्यातले पहिले शहाणपण होते. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी टंगस्टन-क्रोमियमयुक्त पोलादाला वितळण्याच्या जवळपास नेऊन वेगळ्या रीतीने पाणी दिले होते. पुढे त्यालाच हायस्पीड स्टील म्हणू लागले.

बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीने हे हत्यार आपल्या कारखान्यात नेले आणि एका लेथवर व एका ड्रिलिंग मशीनवर त्याच्या पूर्ण ताकदीने चालवून पाहिले. तीन आठवड्यांत दोन्ही मशीन भंगारात काढण्याजोगी झाली. लेथचा स्पिंडल पिळवटला होता. लोवे ही काही हलक्या दर्जाची कंपनी नव्हती, अचूक कामासाठी तिचे नाव जर्मनीत आदराने घेतले जाई. त्या तीन आठवड्यांत दोष दिसला तो त्या काळच्या लेथच्या घडणीचा. हेडस्टॉक, बेड, गिअर, बेअरिंग हे सगळे जुन्या हत्याराच्या सावकाश कापाला पुरेल इतकेच बळकट होते. हेवी-ड्यूटी लेथचा खरा इतिहास इथून सुरू होतो, आणि लेथ घेताना तो पारखायचा कसा, या प्रश्नाचाही.

त्याआधीच्या शतकाने अचूकपणाची मोठी मजल मारली होती. लंडनच्या हेन्री मॉड्स्ले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लोखंडी बेड, स्लाइड रेस्ट आणि लीड स्क्रू एकत्र आणून स्क्रू कापणारा लेथ सिद्ध केला. त्यांच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी तीन प्लेट एकमेकींवर आळीपाळीने घासून, स्क्रेप करून खरी सपाटी मिळवण्याची रीत १८४० साली जाहीरपणे मांडली. पण ही सारी अचूकता बनवणाऱ्याच्या शॉपमध्ये राहत होती. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी मान्य करावी अशी एकच कसोटी नव्हती.

ती कसोटी लिहिली गेओर्ग श्लेसिंगर यांनी. १८७४ साली बर्लिनमध्ये जन्मलेले हे ज्यू इंजिनिअर १८९७पासून लोवेच्याच कारखान्यात डिझाइनचे काम करत होते. १९०४ साली शार्लोटेनबुर्गच्या तंत्रविद्यापीठात मशीन टूल आणि कारखान्याचे व्यवस्थापन या विषयाचे अध्यासन त्यांच्याकडे आले. माणूस एका चौकटीत मावणारा नव्हता. पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्या सैनिकांसाठी कृत्रिम अवयव तपासण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. माणसाचा हात वस्तू किती प्रकारे धरतो याची त्यांनी तेव्हा केलेली वर्गवारी आजही कृत्रिम हात आणि रोबोट बनवणारे वापरतात.

१९२७ साली त्यांचे मशीन टूल तपासणीचे पुस्तक निघाले. त्याचे मोठेपण त्याच्या साधेपणात आहे. प्रत्येक चाचणीसाठी एक रेखाचित्र: डायल कुठे लावायचा, मँड्रेल कुठे बसवायचा, सॅडल किती सरकवायचा. शेजारी चालणारी चूक किती ते छापलेले, आणि प्रत्यक्ष आलेली चूक लिहायला मोकळी जागा. हा कागद हातात असला की फिटर, खरेदीदार आणि विक्रेता एकाच गोष्टीबद्दल बोलू लागतात.

त्यातल्या मर्यादा नुसत्या आकड्यांत नाहीत, त्यांना दिशाही आहे. स्पिंडलमध्ये ३०० मिलिमीटरचा मँड्रेल बसवून तो बेडला समांतर आहे का हे पाहायचे, तर त्याचे मोकळे टोक ०.०२ मिलिमीटरपर्यंत वर असलेले चालेल, खाली असलेले चालणार नाही. कारण जड जॉब चढला की ते टोक वजनाने खालीच येणार आहे. आडव्या पातळीत ते टोक हत्याराकडे झुकलेले चालेल, पलीकडे नाही, कारण काप घेताना जॉब हत्यारापासून दूर रेटला जातो. लेथवर फेसिंग केलेला पृष्ठभाग किंचित खोलगट असला तर चालेल, मध्ये फुगीर मुळीच नको, नाहीतर दोन फ्लँज एकमेकांवर बसवल्या की डुलतात. यंत्र आज कसे आहे एवढेच न पाहता ते ओझ्याखाली आणि झिजल्यावर कुठे जाईल याचा हिशेब यात आधीच धरलेला आहे. लेथवर घामाचे आयुष्य काढलेल्या टर्नरला हे मनातून ठाऊक असे; श्लेसिंगर यांनी ते मोजता येईल असे केले, आणि म्हणून त्यांचे ऋण मोठे आहे.

जर्मनीने त्यांना कसे वागवले? १९३३ साली नाझी सत्तेवर येताच हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली आणि महिनोन्महिने कोठडीत ठेवले गेले. सुटल्यावर ते स्वित्झर्लंड, बेल्जियम असे करत इंग्लंडला पोहोचले. तिथे उत्पादन अभियंत्यांच्या संस्थेसाठी लफबरो इथे त्यांनी संशोधन केले. १९४९ साली त्यांचे निधन झाले. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांत आलेल्या लेथच्या चाचण्या त्यांच्याच कागदांवरून वाढल्या आहेत.

दरम्यान हत्यार पुन्हा पुढे गेले होते. १९२०च्या दशकात जर्मनीत टंगस्टन कार्बाइड आले, क्रुपने ते विडिया या नावाने बाजारात आणले. हायस्पीड स्टीलच्या कितीतरी पट वेगाने ते कापू शकत होते, पण ठिसूळ होते. लेथ थरथरला की टोक तुटलेच. आता ताकदीबरोबर ताठपणाही लागू लागला, बेडच्या आतल्या फासळ्यांपासून बेअरिंगच्या घट्टपणापर्यंत.

भारतात हा धडा आयात केलेल्या मशीनबरोबर आला आणि मग इथल्या बिडात ओतला गेला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर नोकरी सोडून आधी बेळगावला आणि मग १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर, आजच्या किर्लोस्करवाडीला आले. तिथे नांगर आणि चरक निघाले. लेथसाठी किर्लोस्कर घराण्याने म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेकाठच्या हरिहरला १९४१ साली वेगळी कंपनी उभी केली. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या साहाय्याने बंगळूरला एचएमटी आली. १९६०च्या दशकात त्याच शहरात मशीन टूलच्या संशोधनाची केंद्रीय संस्था सुरू झाली, आणि १९६९ साली मुंबईत मशीन टूलचे पहिले इमटेक्स प्रदर्शन भरले. आपल्याकडच्या कितीतरी शॉपमध्ये हरिहरचे आणि एचएमटीचे लेथ पिढ्यान् पिढ्या चालले. त्यावर हात बसलेले कारागीर हीच त्या काळाची मोठी कमाई म्हणायला हवी.

तो बसलेला हातच पुढच्या बदलात काढून घेतला गेला. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने छिद्रे पाडलेल्या फितीवरून चालणारे मिलिंग मशीन दाखवले आणि एनसीचे, पुढे सीएनसीचे युग सुरू झाले. जुन्या लेथवर स्क्रूमध्ये खेळ आहे हे टर्नरला माहीत असे. तो माप घेई, हँडल थोडे मागे घेऊन पुढे आणी, जॉब बरोबर निघे. यंत्राची खोड माणूस भरून काढत होता. सीएनसीला सांगितलेला आकडा तेवढा कळतो. त्यामुळे सांगितलेल्या जागी टरेट खरोखर पोहोचतो का, दहादा पाठवला तर दहादा तिथेच येतो का, ही नवी चाचणी जन्मली. त्यासाठी १९७०च्या दशकापासून लेसर वापरात आला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या जेम्स ब्रायन यांनी बॉलबार वापरून वर्तुळ तपासण्याची रीत मांडली, आणि दोन अक्षांचा ताळमेळ काही मिनिटांत दिसू लागला.

ब्रायन यांनी आणखी एका शत्रूकडे बोट दाखवले: उष्णता. १९९० साली त्यांनी लिहिले की सुट्या भागांत येणाऱ्या चुकांपैकी ४० ते ७० टक्के तापमानामुळे येतात. हिशेब सोपा आहे. एक मीटर पोलाद एका अंशाने तापले की साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढते. अर्धा मीटर लांबीचा बॉलस्क्रू सकाळपासून दुपारपर्यंत १० अंशांनी तापला तर सुमारे ६० मायक्रॉनचा फरक पडतो, म्हणजे मँड्रेलच्या चाचणीत चालणाऱ्या चुकीच्या तिप्पट. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश ठरलेले आहे. मे महिन्यातल्या पत्र्याच्या शेडला ते कुठून परवडणार?

आज कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा पुण्याजवळच्या भोसरी-चाकणमध्ये ब्रेक ड्रम, हब, मोठ्या फ्लँज यांसाठी जड सीएनसी लेथ घेणारा उद्योजक या सगळ्या इतिहासाचा वारस असतो. कॅटलॉगमध्ये मोटर ३० किलोवॉट लिहिलेली असते. पण ती पूर्ण ताकद स्पिंडलच्या १००० फेऱ्यांना मिळत असेल, तर त्याखाली पिळाचे बळ तेवढेच राहते आणि किलोवॉट फेऱ्यांबरोबर उतरत जातात. ६०० मिलिमीटर व्यासाचा जॉब मिनिटाला १५० मीटर वेगाने कापायचा तर स्पिंडल फिरणार जेमतेम ८० फेऱ्यांनी. तिथे या ३० किलोवॉटांतले उरतात सुमारे अडीच. म्हणून जड लेथला गिअरबॉक्स आहे का, आणि कमी फेऱ्यांना पिळाचे बळ किती, हा प्रश्न मोटरच्या आकड्याआधी विचारला पाहिजे. तसेच बॉक्स गाइडवे की लिनिअर गाइडवे, हेही. लिनिअर चपळ आणि कमी तापणारे, बॉक्सचा टेकू रुंद, आणि खाचा असलेल्या कास्टिंगवर काप तुटत-तुटत येतो तेव्हा थरथर जिरवणारा. लहान जॉब भराभर काढायचे असतील तर लिनिअर बरे, खडबडीत कास्टिंगचा पहिला जाड काप घ्यायचा असेल तर बॉक्स.

चाचणी घ्यायची ती स्वतःच्या कास्टिंगवर, स्वतःच्या कापाच्या खोलीने. वाहन उद्योगात सलग ५० जॉब काढून त्यांची मापे किती पसरतात ते पाहतात आणि सीएमके, म्हणजे मशीनच्या क्षमतेचा निर्देशांक, किमान १.६७ मागतात. म्हणजे मापांची सरासरी मर्यादेपासून निदान पाच सिग्मा आत हवी. हे ५० जॉब मशीन नुकतेच सुरू केले असताना काढले की चार तास चालल्यावर, यावर निकाल बदलू शकतो. शहाणा खरेदीदार दोन्ही वेळचे मागतो. आणि बनवणाऱ्याच्या कारखान्यात पास झालेले मशीन ट्रकमधून येऊन नव्या पायावर बसले की बेडचा पीळ बदलतो. लेव्हलिंगचे स्क्रू पुन्हा बसवावे लागतात, आणि डायल, मँड्रेल, बॉलबारच्या चाचण्या त्या जागी नव्याने घेऊन चाचण्यांचा तोच कागद दुसऱ्यांदा भरावा लागतो. डिलिव्हरीच्या घाईत ही दुसरी फेरी टाळण्याचा मोह होतो. शेवटचा हप्ता तिच्यावर बांधून ठेवण्याची अट ऑर्डरमध्येच लिहिलेली असेल, तर ती टळत नाही.